फुटपाथ ते श्रावणबाळ : पत्ता नसलेल्या माणसाची कागदपत्रं काढताना

रस्त्यावर राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जेवण देऊन झालं, ब्लँकेट देऊन झालं, आता पुढे काय, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. एका आजोबांना निवारा, आधार, बँक खातं आणि पेन्शन मिळेपर्यंत नोव्हेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ असं सबंध वर्ष गेलं. यातली निम्मी माहिती आधी एका ठिकाणी मिळाली असती तर तीन-चार महिने नक्की वाचले असते.

आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे. कुणी शिकतंय, कुणी नोकरीत आहे. संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. शनिवारी रात्री पुणे स्टेशनच्या आसपास पोळी-भाजीची पाकिटं वाटायची, एवढंच काम. काही महिन्यांत एक गोष्ट डोळ्यांवर यायला लागली. शनिवारी त्याच रस्त्यावर आणखी दोन-तीन गाड्या खिचडी घेऊन उभ्या असायच्या, आणि मंगळवारी तिथे काळं कुत्रं फिरकत नसे. थंडी पडली की ब्लँकेटांचंही तेच. ती ठेवायला जागा नसते, मग सकाळी उठून तेवढं ओझं बगलेत मारून हिंडायचं. एका आजोबांनी आमचं ब्लँकेट सरळ परत केलं. म्हणाले, "ताई, तीन झाली. आता मला हमालीचे पैसे द्या."

हेच आबा. वय विचारलं तर म्हणायचे, "असंल सत्तरच्या अलीकडं." मूळचे बीड जिल्ह्यातले. मार्केट यार्डात बरीच वर्षं हमाली केली, मग पाठीनं साथ सोडली. खोलीचं भाडं थकलं आणि सामान रस्त्यावर आलं. त्या सामानात कागदपत्रांची पिशवी होती, ती एका रात्री चोरीला गेली. तिच्यात काय काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं. आधार काढलं होतं का, तर "काढलं असंल, फोटू काढला होता एकदा."

१६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आम्ही त्यांना पहिल्यांदा निवाऱ्याचं विचारलं. महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात आणि तिथे राहायला पैसे पडत नाहीत, हे मलाही त्याच महिन्यात कळलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०१० साली शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा असं बजावलं, आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी वेगळा निधी ठेवला. नियमाप्रमाणे माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरलेली आहे. निवाऱ्यांची यादी महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे मिळते.

आबांनी साफ नाही म्हटलं. "तिथं कोंडत्यात." आधी वाटलं, म्हातारा हट्टी आहे. पण त्यांच्याशी नीट बोलल्यावर कळलं की त्यांच्या डोळ्यांसमोर निवारा नव्हताच, भिक्षेकरी गृह होतं. ही भीती अजिबात हवेतली नाही. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. भीक मागताना पकडलेल्या माणसाला त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडे ती लागू आहेत. स्टेशनजवळ झोपणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी भीक मागणाऱ्यांना उचलून नेणारी ती गाडी पाहिलेली असते. तेव्हा "चला, चांगली सोय आहे" असं हसून सांगणारी शहरी पोरं त्यांना संशयास्पद वाटली तर नवल नाही.

यावर उपाय एकच होता. त्यांना घेऊन गेलो, दार दाखवलं, आणि लगेच परत आणलं. आत कुलूप आहे का, सकाळी बाहेर पडता येतं का, विडी ओढली तर काय होतं, हे सगळं त्यांनीच तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं. पुढच्या खेपेला एक रात्र राहिले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी वाढली तसे सामान घेऊन आले. नोंदवहीत नाव, फोटो आणि अंगठा. माझा सल्ला : पहिल्या भेटीत सही-अंगठ्याचं नावही काढू नका.

आता कागद. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून पेन्शन नाही. ही साखळी जिथे तुटते तो कागद म्हणजे आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. ते राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार किंवा नगरसेवक देऊ शकतात. आणि बहुतेकांना माहीत नसतं, पण मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षक किंवा प्रमुखही देऊ शकतात. त्यात तीन गोष्टी बघा. नमुना प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून उतरवलेला असावा, लेटरहेडवर मनाने लिहिलेलं पत्र चालत नाही. फोटोवर सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असा यायला हवा. आणि तारीख घातल्यापासून ते फक्त तीन महिने चालतं. आम्हाला ते १० जानेवारी २०२५ च्या तारखेचं मिळालं. निवाऱ्याच्या व्यवस्थापकांनी अर्ध्या तासात करून दिलं, वर "अजून कुणाचं असेल तर आणा" म्हणाले. सरकारी कामात असं वाक्य कानावर पडलं की माणूस जरा गोंधळतोच.

१८ वर्षांवरच्या माणसाची पहिली आधार नोंदणी आता सगळ्या केंद्रांवर होत नाही, ठरावीक ठिकाणीच होते. आधी फोन करून विचारून घ्या. आमचा एक सकाळचा हेलपाटा यात गेला, तोही आबांना रिक्षातून नेऊन.

योग्य केंद्रावर १३ जानेवारीला पोहोचलो. तिथला तासभर अजून डोळ्यांसमोर आहे. आबांनी चार बोटं काचेवर ठेवली की पडद्यावर लाल. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. पोती उचलून उचलून बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्राला त्या दिसेनात. ऑपरेटर साधारण माझ्याच वयाची. तिने ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं, मग कोरडं केलं, मग आपल्या हाताने त्यांचा पंजा वरून दाबून धरला. उजवा अंगठा कसाबसा हिरवा झाला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, तिथे बुबुळाचा स्कॅन अडला, उजवा डोळा लगेच आला. आबा घामाघूम. मला हळूच म्हणाले, "नापास झालो का?" ती मुलगी म्हणाली, "आजोबा, एक अंगठा आणि एक डोळा. पास." नोंदणीला फी नसते. पावतीवरचा नोंदणी क्रमांक आणि वेळ यांचा फोटो काढून ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं.

मोठ्या माणसाच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं असं सांगण्यात आलं. आम्ही थांबलो. मधल्या काळात आबांचं बरं चाललं होतं. दुपारी शिवभोजन केंद्रावर दहा रुपयांची थाळी, संध्याकाळी निवाऱ्यात जेवण. सकाळी एका चहाच्या टपरीवर ते कप विसळायचे. डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झालं.

२२ एप्रिलला स्टेटस पाहिलं तर अर्ज नाकारलेला. कारण : दुहेरी नोंदणी. म्हणजे याच अंगठ्याचं आणि डोळ्याचं आधार आधीपासून आहे. "फोटू काढला होता एकदा" ते खरं होतं तर. पहिल्यांदा हे बघून धसका बसतो, पण खरं तर ही चांगली बातमी आहे. माणूस सरकारदरबारी आधीच आहे, फक्त त्याचा नंबर शोधायचाय. नागपुरात काही वर्षांपूर्वी अशाच नाकारल्या गेलेल्या अर्जावरून एका हरवलेल्या मुलाचं मूळ घर सापडलं होतं, ते वाचलेलं आठवलं.

शोधायचं कसं? १९४७ या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. नाव, जन्मवर्ष, पिनकोड जुळले तर ते मदत करतात. आमचे जुळले नाहीत, कारण आबांना जन्मसाल नक्की माहीत नव्हतं आणि आधारवर नाव कसं लिहिलंय याचाही पत्ता नव्हता. मग आधार सेवा केंद्राच्या व्यवस्थापकांनी सांगितल्याप्रमाणे नाकारलेल्या पावतीची प्रत, निवाऱ्याचं पत्र आणि आबांच्या अंगठ्याचा अर्ज असं सगळं मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवलं. ई-मेलनेही आणि स्पीड पोस्टनेही. दोन आठवडे काहीच नाही. स्मरणपत्र टाकलं. मेच्या शेवटी उत्तर आलं आणि त्याच्या आधारे केंद्रावर आबांचा अंगठा जुळून कागद बाहेर पडला. रंगीत प्रिंटचे ३० रुपये.

त्या कागदावर काळ्या केसांचे, ताठ मानेचे आबा होते. जन्मतारीख ०१/०१/१९५७. गावाचं नाव, तालुका, पिनकोड, आणि 'द्वारा' पुढे भावाचं नाव.

आमच्यातल्या दोघांना लगेच वाटलं, घर सापडलं, आता पोहोचवू या. व्हिडिओत असतं तसं मिठी मारणं वगैरे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. मी आबांना विचारलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, "भेटायचं तर भेटू. पर जायचं नाय." का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही खोदून विचारलं नाही. घरच्यांना कळवायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. बेघर माणूस हरवलेलाच असतो असं आपण धरून चालतो. काही जण निघून आलेले असतात.

शेवटी त्यांच्या परवानगीने गावच्या पोलीस पाटलांमार्फत पुतण्याला निरोप दिला. त्याचंही कारण व्यवहाराचं होतं. पेन्शनसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो आणि आबांचं नाव गावाकडच्या जुन्या शिधापत्रिकेत असणार होतं. पुतण्या जूनमध्ये एसटीने आला. चाळिशीचा, थकलेला गडी. शिधापत्रिकेची झेरॉक्स आणली होती, आणि न मागता सातबाराही. काकांनी हक्कसोड करून दिलेलं आहे, जमिनीत आता नाव नाही, हे त्याला आम्हाला आधी दाखवायचं होतं. आम्हाला जमिनीशी घेणं नाही हे लक्षात आल्यावर त्याने पाणी मागितलं आणि मोकळा बसला. गंमत म्हणजे तो सातबारा उपयोगी पडला. नावावर जमीन नाही याचा पुरावा उत्पन्नाच्या दाखल्याला जोडता आला. काका-पुतण्या निवाऱ्याच्या ओट्यावर पाऊसपाण्याबद्दल आणि कोण गेलं, कोण राहिलं यावर बोलत होते. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. अधूनमधून फोन करतो.

मग आधारवरचा पत्ता बदलून निवाऱ्याचा करायचा. जानेवारीतल्या प्रमाणपत्राची मुदत एप्रिलमध्येच संपली होती, म्हणून नवीन घेतलं. बदलाची फी तेव्हा ५० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ पासून ती ७५ झालीय. मोबाइल नंबरही त्याच वेळी जोडून घ्या, आणि कृपा करून स्वतःचा नंबर देऊ नका. आमच्यातल्या एकीने आधी एका मावशींच्या आधारला आपला नंबर दिला होता. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तेव्हापासून प्रत्येक ओटीपीसाठी तिची मीटिंग संपायची वाट बघावी लागते. आबांसाठी जुना बटणाचा फोन आणि सिम घेतलं, रिचार्ज आम्ही सगळे मिळून करतो.

बँकेचं फार लांबवत नाही. जनधन खातं शून्य शिलकीवर निघतं. आबांचं पॅन नव्हतं, त्याऐवजी फॉर्म ६० भरायचा होता. एका शाखेत "पॅनशिवाय होणारच नाही" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या शाखेत फॉर्म ६० हातात दिला. वाद घालण्यापेक्षा शाखा बदलणं स्वस्त पडतं. खातं निघालं की डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडणीचा वेगळा फॉर्म भरा आणि ती जोडणी झाली का ते आठवड्याने जाऊन विचारा. खातं आधारला जोडलेलं असणं आणि सरकारी पैसे त्या खात्यात येण्याची नोंद असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही नोंद नसेल तर मंजूर झालेली पेन्शनही अडकते.

आता तहसील. निराधारांसाठी आपल्याकडे मुख्यतः दोन राज्य योजना : ६५ वर्षांखालच्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ आणि त्यापुढच्यांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दोन्हींत साधारणपणे महिना १५०० रुपये. जुलै २०२३ पर्यंत हजार होते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो.

सेतू केंद्राबाहेरच्या टायपिस्टने प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर आणायला सांगितलं. त्याच्या शेजारच्या एजंटाने तर "तीन हजारांत सगळं, तुम्ही फक्त आजोबांना आणा" अशी ऑफर दिली. दोघांनाही नमस्कार. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क माफ असल्याचं महसूल विभागाने मार्च २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, साध्या कागदावर चालतं. त्या बातमीची प्रिंट मी फाइलमध्ये वरच लावली होती. खिडकीवर वाद झाला नाही, फक्त ती प्रिंट सरकवली.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांनी आबांना समोर बसवून चौकशी केली. "टपरीवर किती मिळतात?" आबा म्हणाले, "च्या मिळतो." ते उत्तर जसंच्या तसं जबाबात गेलं. वयासाठी आधारवरची तारीख ग्राह्य धरणार नाही, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला आणा, असं क्लार्कने सांगितलं. मला आधी ती अडवणूक वाटली, पण आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही ही भूमिका आता सगळीकडे घेतली जाते. दवाखान्यात डॉक्टरांनी दात, सांधे वगैरे तपासून अंदाजे ६८ लिहिलं. यात दोन आठवडे गेले. तुम्ही हा दाखला आधीच काढून ठेवा.

८ जुलैला श्रावणबाळचा पूर्ण अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत दिला (तो तिथेच घेतात) आणि पोच घेतली. पोच म्हणजे तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. मग वाट बघणं. अर्ज समितीच्या बैठकीपुढे जातात आणि बैठक कधी आहे ते कुणी ठामपणे सांगत नाही. दर पंधरवड्याला कुणीतरी जाऊन आवक क्रमांक दाखवायचा, एवढाच नियम आम्ही पाळला. एकदा फाइल दुसऱ्याच गठ्ठ्यात निघाली. मी चिडले होते, पण ज्या टेबलावर ती होती तिथे तसे गठ्ठे खिडकीपर्यंत रचलेले होते आणि माणूस एकच. ऑक्टोबरमध्ये मंजुरीचं पत्र आलं. नोव्हेंबर संपता संपता खात्यात पहिले १५०० जमा झाले.

खर्चाचं विचाराल तर रिक्षा, झेरॉक्स, फोटो, फिया, सिम असं सगळं धरून तीन हजारांच्या आतबाहेर. एजंटाच्या भावातच पडलं म्हणा, पण कागद कुठून कसा निघतो ते कळलं. वेळेचा हिशोब मात्र वेगळा. हे सगळं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत चालतं. आम्ही रजा वाटून घेतल्या, म्हणून जमलं. एकट्याने हात घालू नका.

मूळ कागद आबांच्या उशाशी झिपच्या पिशवीत असतात, एक झेरॉक्स संच निवाऱ्याच्या कपाटात, एक आमच्याकडे स्कॅन करून. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, त्याची आठवण निवाऱ्याच्या फळ्यावर लिहिलीय.

सध्या आम्ही एका जोडप्याचं बघतोय. दोघंही साठीच्या पुढचे, आणि निवाऱ्यात पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे म्हणून यायला तयार नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. निवाऱ्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांच्यासाठी मतदार ओळखपत्राच्या वाटेने चाललोय. नमुना ६ भरताना बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री प्रत्यक्ष येऊन, तेही एकापेक्षा जास्त वेळा, माणूस तिथेच झोपतो का ते बघायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. ओळखपत्र मिळालं की ते आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. फॉर्म भरलेत. बीएलओ बाई शाळेत शिकवतात, रात्री एकट्या कशा येणार म्हणाल्या, तेव्हा येत्या शुक्रवारी आमच्यातले दोघं त्यांना घरून घेऊन येणार आहेत.